किड्याची हद्दकायम मोजणी

वायंगणतड गावात गुरुदास म्हापणकरांना न दुखावता बोलायचं असेल तर दोन गोष्टी टाळाव्या लागतात. एक म्हणजे त्यांच्या टकलाचा विषय आणि दुसरी म्हणजे 'साधारण', 'अंदाजे', 'इत्यादी' असले शब्द. पहिल्यासाठी त्यांनी एक खाकी टोपी बाळगली आहे. दुसऱ्यावर इलाज नाही. चौतीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून काढलेला हा माणूस. अख्ख्या जिल्ह्यातल्या भावाभावांमध्ये याने हद्दीचे दगड रोवले, आणि निरोपसमारंभात मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे म्हणून व्यासपीठावरूनच परत केलं. अशा माणसाला गावाने सुखाने निवृत्त होऊ द्यावं की नाही? पण गावात ग्रामसभा असतात.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ग्रामसेवक ओमकार पाटील यांनी जैवविविधता नोंदवही वाचायला घेतली. गावात कुठली झाडं, पाखरं, मासे, किडे आहेत याची ही सरकारी यादी. ती असावीच लागते. ती खरी असावी असं कुठल्या परिपत्रकात म्हटलेलं नाही. ओमकार पाटील घाटावरचे, शिकलेले आणि बदलीच्या प्रतीक्षेत असलेले, त्यामुळे भराभर वाचत होते. "कीटक: डास, मुंग्या, मधमाश्या, इत्यादी."

"थांबा," मागून गुरुदासांचा आवाज आला. सरकारी माणसाशी बोलताना ते शुद्ध मराठीत बोलतात. "इत्यादी ही काय नोंद झाली? उद्या सातबाऱ्यावर मालकाच्या रकान्यात 'सत्यवान म्हापणकर इत्यादी' असं लिहिलं तर चालेल का?"

सत्यवान हा त्यांचा चुलत भाऊ, सात महिन्यांनी धाकटा आणि गडग्यापलीकडचा शेजारी. त्याला यात ओढायचं काही कारण नव्हतं. पण आपल्याकडे वाईट उदाहरण द्यायचं झालं की तोंडात पहिलं नाव भावबंदाचंच येतं. सत्यवान उभा राहिला.

"मगे तूच लिव ना, गुरुदादा! आमका काय, मुंगी चावली काय आमी मुंगी म्हणतंव. तू तिचा नाव, आडनाव, गाव विचारून घे."

सभा हसली. गुरुदासांनी टोपी सारखी केली. "दोन ऑक्टोबरच्या सभेत एक किडो देतलंय. नावासकट, आडनावासकट."

"आणि नाव नाय गावला तर?"

"तर ह्याच माइकवर उभो रवान सांगतलंय, माका मोजणीतला काय एक कळना नाय म्हणान."

सरपंच हौसाबाई ठाकूर यांचं वय अठ्ठ्याहत्तर आणि त्यांना दुपारी जेवून पडायची सवय. त्यांनी विषय मिटवला. "लिवा रे ता. गुरुदास एक किडो देतलो. चला, पुढचो विषय." आणि चौतीस वर्षांची अब्रू एका किड्याच्या पायाला बांधली गेली. तो पाय किती तकलादू असतो हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

किडा निवडायला गुरुदासांना एक दिवससुद्धा लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीच्या भिंतीवर एक डास बसलेला होता. डास म्हणजे डासांचा आजोबा म्हणावा असा. कातरीएवढे लांब पाय, पंख पसरलेले, आणि मुख्य म्हणजे हालत नव्हता. मोजणीच्या वेळी न हलणारा पक्षकार गुरुदासांना साऱ्या नोकरीत भेटला नव्हता. त्यांनी ओल्या हातांनी मोबाईल आणून फोटो काढला, आणि मुलीने मागे एकदा शिकवून ठेवलेल्या एका वेबसाइटवर चढवला. तिथे लोक किड्यांचे फोटो टाकतात आणि जाणकार फुकटात ओळखून देतात.

"फुलपाखरां काय मेली?" विनीतावहिनी, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, न्हाणीच्या दारातून म्हणाल्या. "सगळी माणसां फुलपाखरांचे फोटो काढतत. तुमका डासच गावलो?"

"ह्यो डास न्हय."

"मगे काय?"

"ताच तर शोधतंय."

उत्तर दुपारी आलं. लिहिणाऱ्या होत्या पुण्याच्या कुणी डॉ. शर्मिष्ठा, आणि त्यांचा सारा जन्म याच किड्यांत गेला होता. त्यांनी लिहिलं होतं, "हा डास नाही, चावत नाही. ही क्रेन फ्लाय, टिप्युलिडी कुळातली असावी. या फोटोवरून पुढे काही सांगता येणार नाही."

क्रेन फ्लाय. हिच्यात क्रेन कुठे दिसत नाही आणि माशीसारखी तर ही अजिबात दिसत नाही; पण इंग्रजांनी नावं ठेवताना कुणाला विचारलं होतं? गुरुदासांना नावापेक्षा 'असावी' हा शब्द जास्त लागला. हद्द 'असावी' असं त्यांनी एकदा जरी लिहिलं असतं तरी वरिष्ठांनी घरी बसवलं असतं. त्यांनी बाईंना तसं कळवलं. बाईंनी शांतपणे त्रुटी कळवल्या: पंखांच्या शिरा स्पष्ट दिसायला हव्यात, शेपटाचं टोक बाजूने दिसायला हवं, डोकं समोरून, पाय शक्यतो सगळे, आणि पार्श्वभूमी साधी, फिकट, गुळगुळीत असावी, उजेड नैसर्गिक. न्हाणीच्या भिंतीवरचं शेवाळ आणि उटण्याचे डाग यांत शिरा हरवल्या आहेत.

आता इथे थोडं थांबून नियतीला नमस्कार करायला हवा. चौतीस वर्षं याच माणसाने लोकांचे अर्ज त्रुटी काढून परत पाठवले होते. चतुःसीमा अपूर्ण, नकाशा अस्पष्ट, वारसांच्या सह्या शक्यतो सगळ्या. म्हातारी माणसं वैभववाडीहून, विजयदुर्गाहून एसटी बदलत यायची आणि तेच कागद घेऊन परत जायची. त्यांच्यापैकी एकाही म्हाताऱ्याला या क्षणी गुरुदासांचा चेहरा पाहायला मिळाला नाही, हा अन्यायच म्हणायचा.

पण गुरुदास हटले नाहीत. बाईंनी नमुन्यादाखल पंखाची एक आकृती पाठवली होती. ती त्यांनी चष्मा पुसून पाहिली आणि त्यांचे डोळे भरून आले. पंखाच्या मध्यावर एक बंद चौकट. तिच्या भोवतीने शिरा कडेपर्यंत गेलेल्या. त्यांच्यामध्ये लांबट पट्टे. हा तर गटाचा नकाशा! शिरा म्हणजे बांध, पट्टे म्हणजे पोटहिस्से. कुठल्या वंशात कुठली शीर कुठे वळते यावरून किडा ओळखतात. हे काम तर परमेश्वराने खास भूमी अभिलेख खात्यासाठी राखून ठेवलं होतं. त्यांनी जुनं ट्रेसिंगचं कापड काढलं, काळी शाई काढली, आणि पडवीतल्या टेबलावर हातभर लांब पंख काढून एक ते नऊ पोटहिस्से पाडले. उत्तर दिशेचा बाणसुद्धा काढला. पंखाला उत्तर कुठली, हे विचारायला तिथे कुणी नव्हतं.

पाय मात्र टिकेनात. ही जातच अशी की बोट लावलं की एक पाय आपल्या हातात ठेवून ती निघून जाते. पहिल्या आठवड्यात पाच, चार, आणि एकदा तर अडीच पायांचे फोटो गेले. बाईंचं उत्तर तेच: सांगता येणार नाही. त्यात आरोग्य केंद्राची आशाताई समीक्षा हिने, घरोघर पाणी तपासताना, हे फोटो पाहिले.

"काका, इतको मोठो डास? मगे ह्येचो डेंगू केवढो आसतलो!"

"समीक्षा, हा डास नाही. हा चावत नाही. मोठा झाल्यावर हा जवळजवळ काही खातच नाही."

"ता तुमका तेणी सांगल्यान?" समीक्षाने विचारलं, आणि वहीत काहीतरी लिहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी धुराचं यंत्र घेऊन दोन माणसं आली. त्यांनी न्हाणी, विहीर, माडांची आळी आणि मधे उभं राहून कायदा समजावून सांगणारे गुरुदास, सगळ्यांवर नीट धूर मारला. किडे आठवडाभर दिसले नाहीत. डास दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले.

पुढे गणपती आले. मोबाईलवरच्या एका व्हिडिओत सांगितलं होतं की किडा पाच मिनिटं फ्रीजमध्ये ठेवला की सुस्तावतो आणि पाय न गमावता फोटो काढून घेतो. गुरुदासांनी परसातला एक नग अलगद पकडून मुलीच्या लग्नात आहेर द्यायला करून घेतलेल्यांपैकी उरलेल्या एका स्टीलच्या डब्यात घातला, डबा फ्रीजमध्ये ठेवला, आणि तेवढ्यात वाडीतल्या आरतीचं बोलावणं आलं. आपल्याकडे आरतीला गेलेला माणूस पाच मिनिटांत परत येत नाही. बारा घरं, बारा गणपती, प्रत्येक घरी सगळ्या आरत्या. इकडे विनीतावहिनींनी नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा समजून, रिवाजाप्रमाणे, किड्याचा तसाच दिसणारा डबा सत्यवानच्या घरी पोचवला. आहेराच्या डब्यांचा हाच दोष. ते जोडीने येतात.

सणासुदीच्या दिवशी भावबंदाच्या घरून डबा यावा, तो देवासमोर उघडावा, आणि आत धड वेगळं, पाय वेगळे असा एक किडा निघावा! सत्यवानच्या बायकोने आधी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, मग देवळात जाऊन गाऱ्हाणं घातलं. आपण नव्हेच, असं म्हणायची सोय नव्हती, कारण झाकणावर कोरलं होतं, 'गुरुदास म्हापणकर यांजकडून'. विनीतावहिनी खऱ्या नेवऱ्या घेऊन धावल्या, पण त्या नेवऱ्या तिथे कुणी खाल्ल्या नाहीत. इकडे गुरुदास मात्र हळहळत होते की डब्यात पाय सहाच्या सहा होते, फक्त जोडायचे राहिले.

सप्टेंबर मध्यावर आला. किडे परत आले, पण सगळे येऊन बसले ते गडग्यावर.

हा गडगा म्हणजे दोन्ही म्हापणकरांच्या मधली चिऱ्यांची कमरेएवढी भिंत. दोघांच्या वडिलांनी ती एका दुपारी, दोरी न लावता, गप्पा मारत बांधली. गुरुदासांनी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी ती गुपचूप मोजली होती. ती त्यांच्याच जमिनीत दीड हात आत होती. म्हणजे गडग्यापलीकडचा दीड हाताचा पट्टा खरं तर त्यांचा, आणि त्यावर सत्यवानच्या जास्वंदी फुलत होत्या. ते कधी बोलले नाहीत. घरात शांतता राहावी हे एक कारण. दुसरं असं की बोलायचं तर आपल्याच कचेरीत अर्ज करावा लागला असता, आणि त्या अर्जाचं काय होतं ते त्यांना आतून माहीत होतं.

गडग्याची पलीकडची बाजू सावलीची, ओली, शेवाळलेली. किड्यांना तीच आवडायची. मग गुरुदास रोज सकाळी गडग्याशी उकिडवे बसायचे, नाहीतर त्यावर पोट टेकून पलीकडे वाकायचे. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात आकार दाखवायला स्टीलची पट्टी, खिशात भिंग, आणि टोपी पुनःपुन्हा पुढे येते म्हणून काढून ठेवलेली. आता तुम्हीच सांगा. निवृत्त भूकरमापक, हद्दीचा गडगा, हातात पट्टी, आणि कॅमेरा. सिंधुदुर्ग जिल्ह्यात याचा दुसरा अर्थ काढणारा माणूस जन्माला यायचा आहे.

पाचव्या दिवशी जास्वंदीआडून आवाज आला. "आपण इथे काय करत आहात?"

साठ वर्षांत सत्यवान गुरुदासांशी भांडला होता, रुसला होता, एकदा माडाच्या झावळीने मारायला धावला होता. पण सगळं मालवणीत. चुलत भाऊ ज्या दिवशी शुद्ध मराठीत बोलायला लागतो त्या दिवशी समजावं, अर्ज लिहून तयार आहे.

"अरे सत्या, किडो बघतंय."

"ठीक आहे. बघा," सत्यवान म्हणाला, आणि मुंबईच्या मुलाने दिलेला भलामोठा मोबाईल त्याने खिशात सारला.

नोटीस चौथ्या दिवशी आली. विषय: सामाईक गडग्यालगत सतत व संशयास्पद मोजमाप केल्याबाबत. सोबत छायाचित्रे चौदा, नकाशा एक. तंटामुक्ती समितीसमोर एकोणतीस सप्टेंबरला सकाळी अकरा वाजता हजर राहावे. गुरुदासांनी ती दोनदा वाचली. मसुद्यात एकही त्रुटी नव्हती, आणि त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं. सत्यवानला अर्ज लिहायला त्यांनीच शिकवलं होतं.

समितीच्या अध्यक्ष हौसाबाईच. सत्यवानने टेबलावर एक मोठा फोटो पसरला. नेवऱ्यांचा डबा परत करायला गेला असताना त्याने पडवीतल्या टेबलावरच्या ट्रेसिंगचा काढलेला.

"ह्यो बघा नकाशो, सरपंच. सगळ्या जमिनीचे नऊ पोटहिस्से पाडल्यान. बाण काढल्यान. आणि माझी विहीर? विहीर दाखवल्यानच नाय!"

हौसाबाईंनी चष्मा लावून विहीर शोधली. "गुरुदास, विहीर खंय रे?"

"ती जमीन न्हय, हौसाकाकी. तो पंख आसा."

"कोणाचो?"

"किड्याचो."

हौसाबाईंनी गुरुदासांकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर गावात आजवर फक्त सेवानिवृत्त मुख्याध्यापकांना मिळाली होती, ते वारल्यानंतरही पेन्शन घेत असल्याचं उघडकीला आलं तेव्हा. म्हणजे तसा कागदोपत्री घोळ झाला होता आणि ते जिवंतच होते, पण नजर ती नजर.

"चौतीस वर्सां माणसांक भांडवलंस," त्या म्हणाल्या, "आता किड्यांच्या वाटण्या करतस?"

गुरुदास काहीतरी बाणेदार बोलणार होते. तेवढ्यात ओमकारने चौदा फोटो त्यांच्यापुढे ठेवले, ओळखून सही करण्यासाठी. पुरावा नीट दिसावा म्हणून सत्यवानने ते मालवणच्या स्टुडिओतून वहीच्या पानाएवढे काढून आणले होते. गुरुदास उकिडवे. गुरुदास ओणवे. गुरुदासांची पाठ. गुरुदासांच्या धोतराचा मागचा भाग, जो कुठल्याच समितीपुढे यायला नको होता. आणि नववा फोटो. त्यात जास्वंदीच्या अगदी जवळून, हातभर अंतरावरून, गडग्यावरून पलीकडे वाकलेलं गुरुदासांचं उघडं टक्कल, सकाळच्या कोवळ्या उजेडात. आणि टकलाच्या जवळजवळ मधोमध, पंख सपाट पसरून, ती बसली होती.

गुरुदासांनी भिंग काढलं. शीर न् शीर दिसत होती. मधली चौकट बंद. शेपटाचं टोक एका अंगाला वळलेलं. डोकं स्पष्ट. महिनाभर ते चिऱ्यांवर, शेवाळात, पानांखाली जिला शोधत होते ती निवांत त्यांच्या डोक्यावर बसली होती, आणि त्यांना पत्ता नव्हता.

"सहा!" ते ओरडले. "सहाच्या सहा आसत!"

ओमकारने खाली मान घालून इतिवृत्तात लिहिलं: 'प्रतिवादींनी सहा वेळा मोजमाप केल्याचे मान्य केले.'

"मला या फोटोची मूळ प्रत हवी," गुरुदास त्याला म्हणाले. "आज. लगेच."

"पुरावा आहे, काका. माहिती अधिकारात अर्ज करा. तीस दिवसांत मिळेल."

दोन ऑक्टोबरला तीन दिवस उरले होते. प्रकरणाला पुढची तारीख पडली आणि हौसाबाई जेवायला गेल्या.

त्या दुपारी गुरुदास गडग्याला वळसा घालून, रस्त्याने, सत्यवानच्या खळ्यात, म्हणजे अंगणात गेले. चवथीनंतर पहिल्यांदाच. सत्यवान झोपाळ्यावर होता. त्याने बस म्हटलं नाही, पण पाय आखडून जागा केली.

"सत्या, माका तुझो एक फोटो होयो. नववो."

"कित्याक?"

गुरुदासांनी सांगितलं. सगळं सांगितलं, बाई, शिरा, पाय, डबा. "दोन तारखेक माका माइकवर उभ्यान सांगूचा लागतला, माका काय कळना नाय म्हणान. चौतीस वर्सां, सत्या. दुसरा माझ्याकडे काय आसा? ह्येच एक होता."

सत्यवान झोपाळ्यावरून उठला. विश्वास बसला होता की नाही, सांगणं कठीण. पण तो म्हापणकर होता. आत जाऊन त्याने एक तयार कागद आणला. 'मध्ये असलेला गडगा हीच उभयतांची कायम हद्द असून त्यापलीकडे माझा कोणताही हक्क नाही व पुढे राहणार नाही.'

"ह्येच्यार सही कर. फोटो घे."

दीड हात. लांबी एकतीस मीटर. गुरुदासांनी क्षेत्रफळ मनातल्या मनात काढलं, दशांशापर्यंत. मग त्या किड्याच्या पंखातल्या बंद चौकटीचं क्षेत्रफळ काढलं. आणि खिशातलं पेन काढून सही केली, दिनांकासह. ती इतक्या झटक्यात केली की सत्यवान घाबरला. कागद उलटा करून मागेपुढे काही लिहिलंय का ते त्याने दोनदा पाहिलं.

फोटो त्याच संध्याकाळी पुण्याला गेला. तीस तारीख गेली, एक तारीख गेली. उत्तर नाही.

दोन ऑक्टोबरला सभा दहाला सुरू झाली. पंचायतीच्या आवारात मोबाईलला रेंज मिळते ती मागच्या एका काजूखाली, तीही उभं राहिलं तर. गुरुदास तिथे उभे होते. आत गांधीजींच्या फोटोला हार घालून झाला, स्वच्छतेची शपथ झाली, हौसाबाईंना पेंग आली. मग माइकवरून ओमकारचा आवाज आला, "विषय क्रमांक सात. श्री. गुरुदास म्हापणकर, किडा."

विनीतावहिनी खिडकीत येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी नुसती मान हलवली. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी या माणसाची फजिती पुष्कळ पाहिली होती. पण सगळ्या गावासमोर पाहायची त्यांची आज तयारी नव्हती. गुरुदासांनी टोपी घट्ट बसवली. काजूखालून पाऊल उचललं, आणि हातातला मोबाईल थरथरला.

ते आत गेले तेव्हा सत्यवान उभाच होता. "बोल गुरुदादा. गावला नाव?"

गुरुदासांनी माइकसमोर चष्मा लावून वाचलं. "वंश निश्चित. टिप्युला. पंखातील शिरा अत्यंत स्पष्ट. आपल्या तालुक्यातून आमच्याकडे आलेली ही पहिली चांगली नोंद. अभिनंदन. जात मात्र केवळ फोटोवरून सांगता येणार नाही."

"म्हणजे?" हौसाबाई जाग्या झाल्या.

"म्हणजे आडनाव गावला, नाव गावाक नाय."

हौसाबाईंनी क्षणभर विचार केला. "आडनाव गावला मगे पुरे. आमच्या गावात सगळा आडनावारच चलता. लिवा."

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात सत्यवानने वाजवल्या, हे नोंदवायला हवं. ओमकारने नोंदवही उघडली आणि 'इत्यादी' खोडून त्यावर टिप्युला लिहिलं, तेव्हा गुरुदासांनी खिशातला रुमालच काढला.

"छायाचित्र कोणाचं?" ओमकारने विचारलं.

"सत्यवान म्हापणकर," गुरुदास म्हणाले. खरं ते खरं.

"आढळलेली जागा?"

नववा फोटो समितीने पाहिला होता. म्हणजे गावाने पाहिला होता. ओमकारला दया आली. "काका, 'गावाचा परिसर' असं लिहू का? साधारणपणे?"

साधारणपणे! गुरुदासांनी त्याच्याकडे पाहिलं. मग सावकाश टोपी काढली आणि टेबलावर ठेवली.

"परिसर ही नोंद नव्हे. लिहा. गुरुदास म्हापणकर यांच्या टकलावर, मध्यापासून दीड इंच उत्तरेस. राहणार गट नंबर एकशे बारा."

कुणी हसलं नाही. हसायला लोक तयार बसले होते, पण माणूस स्वतःच मोजून देतोय म्हटल्यावर हसणार कशाला? ओमकार लिहू लागला. इतक्यात मागून खाकरल्याचा आवाज आला.

"एक हरकत आसा," सत्यवान म्हणाला.

त्याने खिशातून दोन कागद काढले. एक नववा फोटो, दुसरा गुरुदासांच्या सहीचा. दोन्ही त्याने नोंदवहीशेजारी नीट ठेवले. फोटोत गडगा होता, आणि गडग्यावरून वाकलेलं डोकं पलीकडे, जास्वंदीच्या बाजूला होतं. दीड हात पलीकडे, फार तर.

"टक्कल त्याचा. ता मी नाय म्हणणा नाय," सत्यवान म्हणाला. "पण फोटोच्या टायमाक ता माझ्या हद्दीत होता. गट नंबर एकशे तेरा. गडग्यापलीकडे तेचो हक्क नाय, तेणाच लिवन दिल्यान."

सगळी सभा गुरुदासांकडे वळली. त्या क्षणी त्या खोलीत एकच माणूस असा होता ज्याला खरी हद्द ठाऊक होती. एकच वाक्य बोलायचा अवकाश. टक्कल त्याचं आणि जमीनही त्याची. ते वाक्य जिभेवर आलं. त्यांनी सत्यवानकडे पाहिलं. तो पुन्हा मालवणीत बोलत होता.

"हरकत मान्य," गुरुदास म्हणाले. "एकशे तेरा लिहा."

घरी येऊन त्यांनी खळ्यातल्या खुर्चीत अंग टाकलं. गडग्यापलीकडून सत्यवानच्या बायकोने एक डबा वर ठेवला. विनीतावहिनींनी तो आधी उघडून पाहिला आणि मग आत नेला. तांदळाचे घावणे होते.

मोबाईलवर डॉ. शर्मिष्ठांची आणखी एक ओळ येऊन पडली होती. "एक विचारायचं राहिलं. पार्श्वभूमी फारच उत्तम आहे, गुळगुळीत, फिकट, सगळीकडे सारखा उजेड. कशाची वापरलीत? इतरांनाही सुचवता येईल."

गुरुदासांनी डोक्यावरून हात फिरवला. मग चष्मा पुसला आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, उत्तर लिहिलं:

"पार्श्वभूमी घरचीच आहे. फक्त जागा चुलत भावाची."